शेंदराखालची पट्टी

अष्टमीच्या सकाळी विमलाने अवजारांच्या मांगरापुढचं खळं सारवून काढलं, आणि हात धुताना तिच्या लक्षात आलं की आज याच ओल्या सारवणावरून ट्रॅक्टर बाहेर यायचा आहे. तिचं तिलाच हसू आलं. नवरात्र आलं की हात असे आपोआप चालतात, डोक्याला विचारत नाहीत.

मांगराच्या दारातून रावजी म्हणाला, "वैनी, दादाला सांगा, बैल जरा लांब बांध म्हणावं. आवाजाला बुजतील."

दादा म्हणजे तिचा नवरा, महिपत. तो पडवीच्या पायरीवर, धाकट्या भावाचा शब्दन् शब्द ऐकू येईल इतक्या जवळ, काथ्या वळत बसला होता. मान वर न करता तो बायकोला म्हणाला, "बैल मघाशीच परड्यात नेलेत म्हणावं."

विमलाने निरोप पोचवला नाही. तो पोचलाच होता. शेणाची बादली उचलून ती दोघांच्या मधून गेली.

शिमग्यापासून हे असं चाललं होतं. गिरणी बंद पडल्यावर रावजीने मुंबईत काही वर्षं मिळेल ते काम केलं, आणि यंदा शिमग्याला आला तो परत गेलाच नाही. पहिल्याच जेवणाला महिपत बोलून गेला होता, "मुंबईत जमलं नाही ते इथे काय जमणार?" त्याच्या मनात काही नव्हतं, पण हातात घास असताना ऐकलेलं माणूस विसरत नाही. रावजी पानावरून उठला नाही. त्या दिवसापासून भावाशी बोलला मात्र नाही. दुसऱ्या सकाळी तो मांगरात शिरला आणि आप्पांच्या ट्रॅक्टरवरचा पेंढा बाजूला करू लागला.

आप्पांनी तो ट्रॅक्टर आणला तेव्हा रावजी लंगोटात होता. मुंबईहून आगबोटीने तो बंदराला आला, तिथून पडावात चढवून खाडीतून थेट खाजणात उतरवला. खाजण म्हणजे खाडीला बांध घालून मिळवलेली सपाट भातजमीन. कोकणातल्या दळ्या-दळ्यांच्या, उतारावरच्या लहान तुकड्यांच्या शेतीत ट्रॅक्टर फिरेल अशी तेवढी एकच जागा. डांबरी सडक त्याने कधी पाहिली नाही, म्हणून त्याची नोंदणी करावी असं कुणाच्या मनातही आलं नाही. त्याच्यासाठी आप्पांनी महिपतची वाढवलेली बैलजोडी विकली. ओठावर मिसरूड फुटलेला महिपत त्या दिवशी बैलांच्या मागे नदीपर्यंत चालत गेला होता. पुढे त्याने स्वतःची जोडी घेतली आणि त्या लाल यंत्राला कधी हात लावला नाही.

बारा-चौदा पावसाळे काम करून इंजिनाला भेग गेली आणि ट्रॅक्टर मांगरात उभा राहिला. आप्पांनी मात्र एकही खंडेनवमी चुकवली नाही. शस्त्रं-अवजारं पुजायच्या दिवशी कोयत्याला, नांगराला गंध लागायचं, आणि ट्रॅक्टरला सुकाणूच्या चक्राखाली, ठरल्या जागी, तेलातला शेंदूर. "हे त्याचं कपाळ," असं आप्पा म्हणायचे. वर्षावर वर्ष चढत तिथे शेंदराचा तळहाताएवढा जाड गोलवा आला होता, देवळातल्या मूर्तीवर येतो तसा.

आणि आता तो ट्रॅक्टर चालू झाला होता. कोल्हापूरहून आणलेलं दुसरं इंजिन, ठोकून सरळ केलेले पत्रे, नवा लाल रंग. शेवटच्या एका सुट्या भागासाठी रावजी पंधरवडाभर कोल्हापूरला राहून कालच दिवेलागणीला परतला होता. पावसच्या कॅम्पवरून परतताना आज आरटीओचा इन्स्पेक्टर ट्रॅक्टरच्या पासिंगला घरी येणार होता. नोंदणी झाली की सडकेवर जाता येणार, पलीकडच्या वाड्यांची खाजणं नांगरता येणार, खाणीवरून चिरे वाहता येणार. नुसत्या घरच्या खाजणावर रावजीचा संसार भागणारा नव्हता. बायकोला, काशीला, आणि लेकीला, राहीला, दिवाळीनंतर घेऊन येतो, असं त्याने मुंबईला कळवूनही टाकलं होतं. विमलाने माडीवरची खोली झाडून ठेवली होती. राहीसाठी खिडकीला पडदा लावावा काय, असं तिने महिपतला विचारलं होतं. संध्याकाळी तो बाजारातून फुलाफुलांचं कापड घेऊन आला होता.

*

इन्स्पेक्टर तरुण होता, घाटावरचा, मवाळ बोलणारा. ओटीवर आप्पा आरामखुर्चीत बसले होते. त्याने आधी त्यांना नमस्कार केला. आप्पांना ऐकू कमी येई आणि अलीकडे कालचं आज आठवत नसे, पण पाहुणा ओळखीचा नसला तरी हसून बघायचं त्यांना बरोबर जमे.

रावजीने पेट्रोलवर ट्रॅक्टर सुरू केला, तापू दिला, मग रॉकेलची तोटी उघडली. धूर काळ्याचा पांढरा झाला आणि आवाज एका लयीत लागला. ओल्या सारवणावर चाकांचे ठसे उमटवत तो खळ्यात आला. आप्पांनी खुर्चीच्या हातावर बोटांनी ठेका धरला. त्यांच्या बोटांना चिपळ्यांची सवय होती. इन्स्पेक्टरने ब्रेक पाहिला, दिवे पाहिले, एक फेरी मारून बघितली आणि खाली उतरून म्हणाला, "जुनी गाडी पण जपलीय हो."

मग त्याने आप्पांनी ट्रंकेत सांभाळलेली मुंबईच्या एजंटची पावती हातात घेतली. इंजिन बदललेलं, त्यामुळे त्याचा नंबर पावतीशी जुळणार नव्हता. त्याची काही हरकत नव्हती. मूळ गाडीचा नंबर तेवढा दाखवा, कागद ठेवून पेन्सिल घासून उठवून घेतो, म्हणाला.

रावजी याच क्षणाची वाट बघत होता. नंबर कुठे आहे ते घरात त्याच्याएवढं कुणाला ठाऊक नव्हतं. शेंदराच्या खाली चार रिबिटांनी बसवलेली पितळेची पट्टी होती. शेंदूर नुसता टिळ्याएवढा होता तेव्हा आप्पांच्या मांडीवर बसून तो इंग्रजी आकडे शिकला ते त्या पट्टीवर. एवढे महिने सगळा ट्रॅक्टर खरवडला, पण त्या जागेला त्याने हात लावला नव्हता. देवाचं काम, ते शेवटी, टर्पेंटाइनच्या बोळ्याने, हलक्या हाताने करायचं म्हणून राखून ठेवलं होतं. काल आला तेव्हा तिथे लाल खण बांधलेला आणि वर झेंडूची माळ. घट बसल्यापासून आप्पांनी झाकलं असणार. नवरात्रात झाकलेलं उघडायचं नाही म्हणून त्याने सकाळीही तो खण सोडला नव्हता.

त्याने चप्पल काढली, हात जोडले आणि खणाची गाठ सोडली.

गोलवा नव्हता. लाल पत्र्यावर ताज्या शेंदराचं एक बोट ओढलेलं होतं, आणि त्याच्या भोवती चार भोकं.

रावजीने बोटाने पुसून पाहिलं. मग अंगठ्याने. मग सदऱ्याच्या बाहीने. इन्स्पेक्टर मागे उभा राहून बघत होता. त्याला काय झालं ते कळायच्या आधी, काहीतरी झालंय एवढं कळलं.

नंबरच नाही म्हटल्यावर त्याला काही लिहिता येत नव्हतं, आणि ते त्याने दोनदा, आवाज खाली आणून सांगितलं. विलायतेतल्या कंपनीला पत्र टाकून पाहा, पण एवढ्या जुन्या गाडीचं ते काय देणार, वर्षं जातील. चोरीची म्हणून उद्या कुणी बोट दाखवलं तर तुम्हीच अडकाल. शेतात चालवा, तिथे कोण विचारतो. सडकेवर मात्र आणू नका. चहा न घेताच तो निघाला. नकार दिलेल्या घरातला चहा त्याला नको वाटला असावा.

*

विमलाने पाहिलं, रावजी पडवीकडे आला आणि शिमग्यानंतर पहिल्यांदा नवऱ्याच्या पुढ्यात उभा राहिला.

"दादा, शेंदूर कुणी काढला?"

महिपतने काथ्या खाली ठेवला. त्याच वेळी भाट्याहून सत्यवती आली. दोघांच्या मधली बहीण, अष्टमीला देवीची ओटी भरायला दरवर्षी माहेरी यायची. हातात नारळाची पिशवी, तोंडावर ऊन. तिने पहिला प्रश्न ऐकला नव्हता, पण भावाचं उत्तर ऐकलं.

"मी काढला," महिपत म्हणाला. "नवं रूप आलं, जुनं कवच उतरवलं. सर्वपित्रीला भाट्याच्या समुद्रात सोडलं."

"आत पट्टी होती."

"मला ठाऊक नव्हतं."

सत्यवती म्हणाली, "अरे पण दादा, त्या दिवशी तर—"

"सत्ये," महिपत म्हणाला, "आत जा. आप्पांचं औषध राहिलंय."

तो आवाज तिच्या ओळखीचा होता. लहानपणी विहिरीच्या काठावरून तिला मागे ओढताना त्याचा असाच आवाज झाला होता. ती पिशवी घेऊन आत गेली.

रावजी ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं, असं विमलाला नंतर पुष्कळ दिवस वाटत राहिलं. तो हळू म्हणाला, "तीस वर्षं तू त्या ट्रॅक्टरला शिवला नाहीस. मी गावात नसताना नेमका हात लावलास, तो एवढ्याच जागी. तुला बैलांचा सूड घ्यायचा होता, दादा. तर माझ्यावर घ्यायचास. देवाचं नाव कशाला मध्ये आणलंस?"

महिपतच्या मानेची शीर हलली. त्याने काथ्या पुन्हा हातात घेतला.

"कळलं," रावजी म्हणाला. "वैनी, माडीवरची खोली आवरू नका. दसऱ्याला सोनं वाटलं की मी जातो."

ओटीवरून आप्पांनी विचारलं, "काय म्हणाले रे साहेब? झालं ना पास?"

तिघांनीही त्यांच्याकडे पाहिलं. शेवटी महिपतच म्हणाला, मोठ्याने, त्यांना ऐकू जाईल असं, "होय आप्पा. झालं."

*

सत्यवतीने महिपतला मागच्या दारी गाठलं. तो दगडावर कोयता घासत होता, आणि कोयत्याला आधीच धार होती.

सर्वपित्रीचा दिवस तिच्या डोळ्यांसमोर होता. तिचे यजमान भाट्याच्या नारळ केंद्रात नोकरीला. घर किनाऱ्यापासून सुरूच्या झाडांएवढ्या अंतरावर. रिक्षातून आप्पा उतरले होते ते मांडीवर केळीच्या पानात बांधलेलं लाल गाठोडं घेऊनच. गावच्या देवाने शेंदराचं कवच टाकलं तेव्हा सगळा गाव वाजत-गाजत समुद्राला गेला होता, त्यांच्या लहानपणी. तेच त्यांच्या मनाने घेतलं होतं. देव जुनं टाकतो तेव्हा नवं चांगलं होतं, तर रावजीच्या ट्रॅक्टरचंही जुनं जाऊ दे. छिन्नी-हातोडी स्वतः धरली होती म्हणाले. महिपतने फक्त बत्ती दाखवली आणि नंतर त्या जागी खण बांधून दिला. पट्टीची आठवण आप्पांना उरली नव्हती, आणि महिपतने ती पट्टी कधी पाहिलीच नव्हती. खारी हवा खाऊन रिबिटं कुजलेली. पट्टी शेंदराच्या पोटात तशीच निघून आली असणार.

ओहोटी लागली होती. आप्पा गुडघ्याएवढ्या पाण्यात गेले, महिपत मागून त्यांचं धोतर आणि कोपर धरून. गाठोडं सोडताना आप्पा समुद्राला मोठ्याने म्हणाले होते, "माझ्या धाकट्याचं बस्तान बसू दे रे." येताना महिपतने त्यांच्या पायाची वाळू धुतली होती, आणि तिला म्हणाला होता, सत्ये, राहीला तुझ्याकडे भाट्याला शाळेत घालायचं काय गो, आपल्या वाडीतून लांब पडेल. एवढंच बोलला. पण त्या एवढ्या बोलण्यावर ती आठवडाभर आनंदात होती.

"सांगून टाक त्याला," ती म्हणाली. "आप्पांनी केलं म्हणून. म्हाताऱ्या माणसावर तो रागावणार काय?"

"रागावणार नाही. पण त्यांच्यासमोर रडेल. मग आप्पा विचारतील. मग त्यांना कळेल." महिपतने कोयता उलटा केला. "ज्या हाताने त्यांनी त्याच्यासाठी मागितलं, त्याच हाताने त्याचं बुडवलं, हे कळल्यावर ते जेवतील असं वाटतं तुला?"

"आणि तू?"

"माझ्यावर त्याचा राग आहेच गो. त्यात आणखी एक. सवय झालीय मला."

"पण तुला वाईट वाटतं ना?"

त्याने पात्यावरून अंगठा फिरवला. मग म्हणाला, "शिमग्याला मी ते बोललो नसतो, तर त्याने मला सांगून ठेवलं असतं, आत पट्टी आहे म्हणून."

*

देवळात नवरात्राचं कीर्तन दिवेलागणीला उभं राही. आप्पांनी कीर्तन चुकवल्याचं कुणाला आठवत नाही. चालता येईना तेव्हाही दोन्ही मुलांच्या हातांवर भार टाकून ते जायचे. त्या संध्याकाळीही एका बाजूला महिपत होता, दुसऱ्या बाजूला रावजी. पायवाट अरुंद होती, मध्ये म्हातारा. दोघांनी एकमेकांकडे न बघता एकाच वेळी पावलं टाकली, कारण त्याशिवाय आप्पांना चालता आलं नसतं.

बुवा राजापूरकडचे, आवाज वयाने थोडा फाटलेला, पण त्या फाटीतूनच गोडवा झिरपायचा. पूर्वरंगात ते नामाविषयी बोलले. उत्तररंगाला त्यांनी वनवासातल्या भावाच्या भेटीचं आख्यान घेतलं. थोरल्याला परत न्यायला धाकटा भाऊ सगळ्या गावाला घेऊन निघतो. लांबून धूळ उठलेली दिसते. आणि थोरल्यासोबत असलेला तिसरा भाऊ झाडावर चढून बघतो नि म्हणतो, आला, गोड बोलणारा शेवटी सैन्य घेऊन मारायला आला. बुवांनी इथे झांज थांबवली. पेटीसुद्धा थांबली. "धूळ तीच असते मंडळी," ते साध्या बोलण्याच्या आवाजात म्हणाले, "भेटायला येणाऱ्याची आणि मारायला येणाऱ्याची. झाडावरून फरक दिसत नाही. खाली उतरावं लागतं." आणि पुन्हा झांज वाजली.

रावजी खांबाला टेकून बसला होता. आख्यान त्याने नीटसं ऐकलं नाही. तो मनात काशीला कसं कळवायचं ते जुळवत होता.

आरती झाली. लोक ओळीने पुढे जाऊ लागले. बुवा प्रत्येकाच्या कपाळी बुक्का लावत होते. आप्पा दोन्ही मुलांना धरून पुढे झाले, वाकायला जमेना म्हणून नुसतं बुवांच्या हातावर डोकं टेकून उभे राहिले. बुवा जुने स्नेही. घरची विचारपूस केली.

आप्पांना कालचं आठवत नसे. पण आपण कधीकाळी केलेलं एखादं सुंदर काम त्यांना मध्येच लख्ख आठवे. बहिऱ्या माणसाच्या मोठ्या आवाजात ते म्हणाले, "बुवा, ट्रॅक्टर पास झाला माझ्या धाकट्याचा. तीस वर्षांचं कवच होतं. मी उतरवलं, ह्या हाताने. समुद्रात मीच सोडलं. हा नको म्हणत होता, पाण्यात जाऊ नका म्हणून," त्यांनी महिपतच्या दंडावर थोपटलं, "पण म्हटलं, धाकट्याचं चांगलं मागायचंय, तर भिजायला पाहिजे."

बुवांनी बुक्का लावला आणि म्हणाले, "ऐकलं असेल त्याने."

रावजीच्या हातात आप्पांचा हात होता. तो सोडता येत नव्हता. आप्पांच्या पाठीवरून त्याने भावाकडे पाहिलं. महिपत देवीकडे बघत होता, कपाळावरचा काळा बुक्का नाकावर सांडलेला. तो पुसायलाही त्याचा हात मोकळा नव्हता.

घरी जाताना तिघे तसेच चालले. रावजीच्या तोंडाशी शब्द पुष्कळ आले. पण मध्ये आप्पा होते, आणि जे बोलायचं ते आप्पांना ऐकू जाऊन चालण्यासारखं नव्हतं.

*

नवमीला सकाळच्या ओहोटीला रावजी भाट्याला गेला. सत्यवती अंगणात होती. तिने सुरूच्या झाडांपलीकडे हात केला.

लांब, ओल्या वाळूवर, धोतर मांडीपर्यंत खोचून महिपत पायाने वाळू चाचपत चालला होता. थांबायचा, वाकून काहीतरी उचलायचा, बघून टाकून द्यायचा. शिंपला असेल. काल दुपारीही आला होता, सत्यवती म्हणाली, भरती लागेपर्यंत.

रावजीने पँट दुमडली आणि पाण्यात शिरला. भावापासून थोड्या अंतरावर त्यानेही पायाने वाळू चाचपायला सुरुवात केली. महिपतने पाहिलं आणि जरा डावीकडे सरकला, त्याला जागा करून दिली. दोघे पुष्कळ वेळ शोधत राहिले. अमावास्येच्या उधाणाने नेलेलं परत येत नाही हे दोघांनाही ठाऊक होतं. कुणी आधी थांबायचं, एवढाच प्रश्न होता.

पाणी पोटऱ्यांना लागलं तेव्हा रावजी म्हणाला, "दादा, चल. आप्पा पूजेला खोळंबले असतील."

दादा आला. वाटेत दोघे ट्रॅक्टरबद्दल बोलले नाहीत. महिपतने विचारलं, राही कितवीत गेली. रावजीने सांगितलं.

घरी आप्पा सोवळं नेसून, वाटीत शेंदूर कालवून तयार होते. हात कापत होता म्हणून त्यांनी वाटी रावजीकडे दिली. रावजीने चार भोकांवर शेंदराची चार बोटं टेकवली. भोकं दिसेनाशी झाली.

"पास झाला ना रे?" आप्पांनी पुन्हा विचारलं.

रावजीने भावाकडे पाहिलं नाही. "झाला, आप्पा," तो म्हणाला. "दादाने सगळं नीट केलं."

माळ बांधायला वर केलेले महिपतचे हात तसेच थांबले. मग त्याने गाठ मारली.

*

रावजीने राहायचं म्हटलं असतं तर विमलाने राहूच दिलं असतं. महिपतनेही एकदा, भाकरी मोडता मोडता, घरची शेती दोघांत करू म्हणून सुचवलं. पण घरच्या शेतीत दोन संसार भागत नाहीत हे सगळ्यांनाच दिसत होतं, आणि आपण ज्याला तसं बोललो त्याच्या पानातलं अर्धं घ्यायला रावजीचा हात झाला नसता. हे त्याने कुणाला सांगितलं नाही. भावाची माफी त्याने मागितली नाही. ती त्याने पुढेही कधी मागितली नाही.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने महिपतला ट्रॅक्टरवर बसवलं. आधी पेट्रोल. तापला की रॉकेल. घाई केलीस तर धूर सोडेल आणि बंद पडेल. महिपत चक्र असं धरत होता, जणू ते बुजून उधळेल. विमला तोंडाला पदर लावून हसली आणि मग आत निघून गेली.

ट्रंक ट्रॅक्टरवरच घातली. आप्पा ओटीवरून हात हलवत होते. धाकटा आपल्या ट्रॅक्टरवरून कामाला निघाला, असं त्यांना वाटत होतं. बांधावरून दोघे हळूहळू सडकेपर्यंत आले. महिपतने डांबराच्या अगदी कडेला, पुढची चाकं मातीतच राहतील अशी बघून, ट्रॅक्टर थांबवला. त्याच्या पलीकडे जायला त्याला परवानगी नव्हती.

एसटी आली. महिपत उतरून ट्रंक टपावर चढवू लागला. कंडक्टर घाई करत होता.

"तापल्याशिवाय रॉकेल देऊ नको," रावजी दारातून म्हणाला.

"नाही देत."

"आणि दादा—"

कंडक्टरने घंटा मारली. महिपतने मान हलवली, ऐकलं अशी. एसटी निघाली. मागच्या काचेतून रावजीला दिसत होतं, दादा परत ट्रॅक्टरवर चढला, पण तो त्याने वळवला नाही. तापलेलं इंजिन तसंच चालू ठेवून, डांबराच्या कडेला, एसटी वळणाआड जाईपर्यंत तो बसून राहिला.